आधी गळती शोधा, मग भिंत फोडा

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की चर्चा धरण, पाऊस, बोअर आणि टँकर यांच्याभोवती फिरते. मांजरा धरणात साठा किती उरला, विष्णुपुरीचे दरवाजे कधी उघडले, नळाला पाणी किती दिवसांनी सुटणार, हे लातूर आणि नांदेडच्या माणसाला तोंडपाठ असते. पण इतक्या खटपटीने घरात आलेले पाणी भिंतीच्या आत कुठे आणि किती झिरपते, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. भिंतीवर डाग उमटतो, रंगाचे पोपडे निघतात, खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन वर येतात, तेव्हा कुठे मिस्त्रीला बोलावणे जाते. मिस्त्री येतो, डागावर एक नजर टाकतो आणि पिशवीतून छिन्नी-हातोडा काढतो. आज आम्हाला या हातोड्याबद्दलच बोलायचे आहे.

आमच्या वाचकांत प्लंबर आहेत, गवंडी आहेत, फरशी बसवणारे आणि रंगारी आहेत, तसेच हार्डवेअर व सॅनिटरी मालाचे दुकानदारही आहेत. घरात ओल आली की या सगळ्यांच्या हाताला काम मिळते. म्हणूनच हा प्रश्न त्यांच्यासमोर मांडण्यासारखा आहे. आमचे मत थोडक्यात असे : गळती शोधणे हे स्वतंत्र काम आहे. त्याची स्वतंत्र मजुरी ठरली पाहिजे आणि ती उघडपणे घेतली पाहिजे. शोधण्याची मजुरी मिळत नाही म्हणून फोडण्याची मजुरी वाढते. त्यात गिऱ्हाइकाचे नुकसान होते, पाणी वाया जाते आणि शेवटी कारागिराचे नाव खराब होते.

पाण्याचा हिशेब

लातूरकरांना २०१६ साल सांगायला नको. त्या वर्षी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या. जे पाणी रेल्वेने आणावे लागले त्याची किंमत त्या शहराला कळली. पण भिंतीतल्या चोरट्या गळतीची किंमत अजून आपल्या हिशेबात आलेली नाही.

ती काढणे अवघड नाही. समजा एखाद्या जोडातून इतके कमी पाणी झिरपते की २०० मिलिलिटरचा एक पेला भरायला १० मिनिटे लागतील. अशी गळती डोळ्यांना क्षुल्लक वाटते. पण तासाला ते १ लिटर २०० मिलिलिटर झाले, दिवसाला जवळजवळ २९ लिटर आणि ३० दिवसांत ८६४ लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे घरात एक माणूस दिवसभरात जेवढे पाणी वापरील, त्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी त्या एका जोडातून भिंतीला प्यायला मिळते. जे घर टँकरचे पाणी विकत घेते त्याने हा आकडा रुपयांत मांडून पाहावा.

नुकसान पाण्यापुरतेच राहत नाही. स्लॅबमध्ये ओल सतत राहिली की आतल्या लोखंडी सळईला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते. तो फुगतो, खालचे काँक्रीट तडकते आणि छताचे तुकडे सुटून पडू लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर या भागात स्लॅबच्या घराचा भरवसा वाढला. तो योग्यही आहे. पण सळई गंजलेल्या स्लॅबवर तसा भरवसा ठेवता येत नाही.

आणखी एक धोका आहे. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी सुटलेले असते तेव्हा भोकातून पाणी बाहेर जाते, आणि लाइन रिकामी झाली की त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. जमिनीतला नळ गटाराशेजारून जात असेल तर काविळीला आणि जुलाबाला वेगळे निमंत्रण लागत नाही.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

जुन्या माळवदाच्या घरात गळती शोधायला जाणकार लागत नसे. जिथे टपकले त्याच्या वर पांढरी माती टाकली की काम भागायचे. नळही असला तर अंगणात, उघड्यावर. आता पाइप भिंतीत, वर प्लास्टर, त्यावर टाइल्स आणि फरशीखाली कोबा. पाणी एका जागी सुटते, कोब्यातून सरकते, स्लॅबच्या उताराने जाते, कधी विजेच्या वायरच्या पाइपमधून वाट काढते आणि भलत्याच खोलीत डाग बनून उमटते. डागाच्या जागी भिंत फोडणारा मिस्त्री बऱ्याच वेळा कोरड्या पाइपावर हातोडा मारतो आणि चांगला पाइपही फोडून बसतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘डाग कुठे आहे’ हा विचारू नये. ‘डाग कधी वाढतो’ हा विचारावा. घरातल्या बायकांना याचे उत्तर बरोबर माहीत असते, कारण दिवसभर त्या भिंतीसमोर वावरणाऱ्या त्याच असतात. त्यांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

ओल वापराशी संबंध न ठेवता रात्रंदिवस सारखीच राहत असेल तर संशय टाकीकडून येणाऱ्या भरलेल्या पाइपावर घ्यावा. कोणी अंघोळ केली किंवा भांडी धुतली की काही वेळाने डाग ओला होत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप किंवा बाथरूमचा कोबा पाहावा. पाऊस पडल्यावरच डाग वाढत असेल तर गच्ची, कठड्याचा सांधा किंवा बाहेरच्या भिंतीची चीर पाहावी. आपल्याकडच्या उन्हाने गच्ची दिवसा तापते, रात्री निवते, आणि या फुगण्या-आकसण्यात कठडा व गच्चीचा सांधा सर्वांत आधी उघडतो. भिंतीच्या तळापासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा दिसत असेल तर ती बहुधा जमिनीतून चढलेली ओल असते. तिथे पाइप शोधत भिंत फोडणे म्हणजे फुकटची धूळ.

आपल्या शहरांपुरती एक खूण वेगळी आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येते. मग पाणी सुटण्याच्या तारखा आणि डाग वाढण्याच्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहाव्यात. पाणी आले की दुसऱ्या दिवशी ओल वाढते असे दोन-तीन वेळा दिसले, तर गळती रस्त्यावरून हौदापर्यंत येणाऱ्या लाइनमध्ये, हौदात किंवा टाकी ओसंडून वाहण्यात असू शकते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरातल्या कारागिराला ही खूण मिळत नाही, आपल्याला ती आपोआप मिळते.

स्वस्तातल्या चाचण्या

डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी. चार दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला की आत सरकला हे पाहावे. ओली भिंत वाळायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याच दिवशी निकाल मागू नये.

ओल भिंतीतून येते की खोलीतली वाफ भिंतीवर बसते याचा निकाल एका प्लास्टिकच्या तुकड्याने लागतो. हातभर प्लास्टिकचा कागद डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला दिसले तर ओल आतून आहे. खोलीच्या बाजूला दिसले तर ती वाफ आहे, आणि तिथे खिडकी उघडी ठेवणे हाच इलाज.

टाकीची परीक्षा रात्री घ्यावी. टाकीत येणारे आणि घरात जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पाण्याची पातळी खडूने आखावी. पहाटे पातळी उतरली तर टाकीच गळते. दुसऱ्या रात्री घरात जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सर्व नळ बंद ठेवावेत. त्या रात्री पातळी उतरली तर दोष आतल्या पाइपात किंवा एखाद्या नळात, फ्लशमध्ये आहे. ४ फूट लांब व ४ फूट रुंद टाकीत पाणी १ इंच उतरले म्हणजे सुमारे ३८ लिटर गेले, इतका साधा हिशेब त्यात बसतो. हौदालाही हीच परीक्षा लागू. फ्लशच्या टाकीत थोडी कपड्यांची नीळ टाकावी आणि अर्धा तास कोणी फ्लश वापरू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर आतले रबर गेले आहे, भिंतीचा काही दोष नाही.

बाथरूमची तपासणी टप्प्याने करावी. पहिल्या दिवशी फरशी ओली न करता रंग घातलेले पाणी पाइपाने थेट ट्रॅपमध्ये सोडावे. खाली रंग आला तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा दोषी. नाही आला तर दुसऱ्या दिवशी ट्रॅपला बूच मारून फरशीवर पाणी साठवावे आणि २४ तास थांबावे. आता आले तर कोबा किंवा फरशीचे सांधे. तरीही काही आले नाही तर शेवटी भिंतीच्या टाइल्सवर पाणी मारून पाहावे. सगळे एकाच दिवशी केले तर पाणी खाली येते, पण ते कुठून आले हे कळत नाही. पाणीटंचाईत ही चैन कशी परवडणार, असे कोणी म्हणेल. ५ फूट बाय ४ फुटांच्या बाथरूममध्ये १ इंच पाणी साठवायला ४७ लिटर लागतात, म्हणजे तीन बादल्या. चाचणी संपल्यावर तेच पाणी संडासात ओतता येते.

भरलेल्या पाइपासाठी हाताने चालवायचा प्रेशर पंप लागतो. तो काही हजार रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षे चालतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळ काढून त्या जागी बूच बसवायचे, पाइपातली हवा काढून पाणी भरायचे, दाब द्यायचा आणि घड्याळ लावून काटा पाहायचा. अर्ध्या तासात काटा उतरला तर पाइप गळतो. मग गरम आणि थंड लाइन वेगळी करायची, स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळे करायचे. प्रत्येक वेळी अर्धे घर संशयातून सुटते. शेवटी उरलेल्या चार-पाच फुटांतच भिंत उघडावी. ३३ फूट उंचीची टाकी पाइपावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब देते. म्हणून जुन्या जी.आय. पाइपाला नव्या सी.पी.व्ही.सी.सारखा भरमसाट दाब देऊ नये, नाहीतर एक गळती शोधताना दुसरी तयार होईल.

आणि एक काळजी सर्वांत आधीची. स्विचबोर्ड किंवा दिव्याच्या होल्डरजवळ ओल असेल तर पहिल्यांदा मेन स्विच बंद करावा. मजुरी पुन्हा मिळेल, जीव मिळणार नाही.

यंत्र आणि कान

अलीकडे ओल मोजणारे मीटर आणि उष्णता दाखवणारे कॅमेरे आले आहेत. मोठ्या शहरांतल्या कंपन्या ते घेऊन आपल्या शहरांतही काम घेऊ लागल्या तर आमच्या कारागिरांनी घाबरून जाऊ नये, आणि त्यांची टिंगलही करू नये. कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहत नाही. ओली जागा आजूबाजूपेक्षा थंड असते आणि तो फरक तेवढा तो रंगात दाखवतो. गरम पाण्याची लाइन फुटली असेल तर तीही चांगली दिसते. ओलीचे मीटर लोणा धरलेल्या भिंतीवर फसते, कारण क्षारांमुळे आकडा वाढतो. यंत्र संशयाची जागा दाखवते, निकाल मात्र चाचणीने लावावा लागतो. रात्री सामसूम झाल्यावर लोखंडी सळईचे एक टोक पाइपाला आणि दुसरे कानाला लावून सूं आवाज ऐकणारे जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांचा कान आणि नवे यंत्र एकाच दुकानात आले तर त्या दुकानाला कामाची वाण पडणार नाही.

मजुरीचा खरा प्रश्न

आता मुद्द्याची गोष्ट. कारागीर हे सगळे का करत नाही? त्याला अक्कल नाही म्हणून नव्हे. त्याला या वेळेचे पैसे कोणी देत नाही म्हणून. गिऱ्हाईक म्हणते, ‘नुसते पाहायचे कसले पैसे?’ मग मिस्त्री पाहतो दोन मिनिटे आणि फोडतो दोन दिवस, कारण दिवसाची हजेरी फोडण्यावर आणि बुजवण्यावर मिळते. जो जास्त फोडतो त्याला जास्त मिळते, आणि जो विचार करून एकाच टाइलखाली दोष काढतो तो तासाभराचे पैसे घेऊन घरी जातो. ही पद्धत चांगल्या कारागिराला दंड करते.

यात प्रामाणिकपणाची कसोटीही आहे. ज्या माणसाची कमाई फोडण्यावर अवलंबून आहे त्यानेच कुठे फोडायचे हे ठरवायचे, तर त्याचा हात नकळत हातोड्याकडे जाणारच. म्हणून आम्ही सुचवतो की तपासणीची रक्कम आधी सांगावी, ती ठरलेली असावी आणि पुढचे काम मिळो न मिळो, ती वेगळी घ्यावी. ‘काम दिले तर तपासणी फुकट’ हे आमिष दाखवू नये, कारण त्यात काम काढण्याचा मोह पुन्हा शिरतो. गळती सापडली नाही, तरी ‘या चार जागी नाही’ हे सांगण्याचीही किंमत आहे. डॉक्टरच्या तपासणीत रोग निघाला नाही म्हणून आपण त्याची फी परत मागत नाही.

गिऱ्हाईक देणार नाही, असे आमचे कारागीर बंधू म्हणतील. पहिल्यांदा सगळे देणार नाहीत हे आम्हालाही मान्य आहे. पण ज्याचे बाथरूम एकदा उगीच फुटले आहे, ज्याला त्याच रंगाच्या टाइल्स बाजारात पुन्हा मिळाल्या नाहीत, तो देतो. त्याच्यापासून सुरुवात करावी. पैशांच्या बदल्यात त्याच्या हातात काही पडले पाहिजे, म्हणून तपासणीचा कागद द्यावा. त्यावर तारीख, कोणती चाचणी केली, किती वेळ, काय दिसले, कुठे उघडावे लागेल आणि अंदाजे खर्च किती, एवढे मराठीत लिहावे, खाली सही करावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. वहीत असे पन्नास कागद जमले की तो मिस्त्री आपोआप जाणकार होतो, कारण त्याला कोणत्या वस्तीत कोणता दोष वारंवार निघतो ते दिसू लागते.

शेजाऱ्यांचे भांडण

अपार्टमेंटमध्ये हा कागद आणखी मोलाचा आहे. खालचा म्हणतो वरच्याचे बाथरूम गळते, वरचा म्हणतो पावसाळी पाइप गळतो, आणि दोघांचे सलामदुवा बंद होतात. जिथे सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेली आहे तिथे आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि सांडपाण्याची सामाईक लाइन यांची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त होते. फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासाचा दोष सभासदाने स्वतः काढायचा असतो. म्हणजे खर्च कोणाचा हे गळती कुठून आहे यावर ठरते. रेरा कायदा, २०१६ प्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तिथेही दोष नेमका कोणता हे दाखवावे लागते.

अशा वेळी मिस्त्री साक्षीदाराच्या जागी उभा असतो. त्याला ज्याने बोलावले त्याच्या बाजूने त्याने लिहू नये. चाचणीच्या वेळी दोन्ही घरांतली माणसे हजर ठेवावीत आणि रंगाचे पाणी दोघांच्या डोळ्यांदेखत ओतावे. भांडण तिथेच निम्मे मिटते. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनीही असा वाद समोर आला की कोण मोठ्याने बोलतो हे न पाहता आधी तपासणीचा कागद मागावा.

दुकानदारांचे काम

हार्डवेअर आणि सॅनिटरीच्या दुकानदारांना आमची वेगळी विनंती आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणते, ‘भिंत ओली आहे, काहीतरी द्या,’ आणि आपण वॉटरप्रूफिंगचा डबा काढून देतो. भरलेला पाइप आत गळत असताना वरून लावलेला थर काही महिन्यांत फुगून पडतो. मग दोष डब्याचा, कंपनीचा आणि दुकानदाराचा होतो. डबा देण्याआधी ‘डाग कधी वाढतो’ हा एक प्रश्न विचारला तर विकलेला माल टिकेल आणि गिऱ्हाईकही टिकेल.

दुसरे असे की प्रत्येक प्लंबर पंप विकत घेऊ शकत नाही. गंजगोलाईच्या परिसरातल्या किंवा इतवाऱ्यातल्या एखाद्या दुकानदाराने दोन पंप, बुचांचा संच आणि एक ओलीचे मीटर रोजाच्या भाड्याने ठेवले, तर अनेक कारागिरांची सोय होईल आणि बाकीचा मालही त्याच दुकानातून जाईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांची यादी आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. त्या यादीत गवंडी आहे, प्लंबर नाही. म्हणून गवंडी आणि प्लंबर यांनी जोडीने काम करावे, यात आम्हाला शहाणपण दिसते. गळतीच्या कामात दोघेही लागतातच. आज एक जण फोडून जातो आणि दुसरा चार दिवस येत नाही, तेवढ्यात घरमालक दोघांनाही बोल लावतो.

नवे काम करतानाच

जुनी गळती शोधण्यापेक्षा नवी सोपी करून ठेवणे अधिक फायद्याचे. भिंत बुजवण्याआधी प्रेशरची चाचणी घ्यावी. पाइपाशेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढावेत आणि घरमालकाला द्यावेत. दहा वर्षांनी तो फोटो हजारो रुपये वाचवील. प्रत्येक बाथरूमच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह द्यावा. डक्टमध्ये माणूस शिरू शकेल एवढी जागा ठेवावी. काळ्या मातीत घर असेल तर जमिनीतल्या सांडपाण्याच्या पाइपाचे सांधे विशेष जपावेत, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला वर-खाली हलवते.

पाणी सांभाळण्याची ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. लातूरहून फार दूर नसलेल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे बांधकाम. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि आत बसलेला माणूस ते पाहत राहतो. बिदरजवळ नौबादला जमिनीखालून पाणी नेणारी बहामनी काळातली कारेझ आहे. तिच्यावर ठिकठिकाणी विहिरींसारखी तोंडे सोडलेली आहेत. त्यांतून उतरून पाण्याचा मार्ग पाहता यावा, साफ करता यावा, ही त्यामागची सोय. त्या कारागिरांनी पाणी जमिनीखाली लपवले तरी तपासणीची वाट उघडी ठेवली. आपण मात्र पाइप भिंतीत गाडतो आणि वर चकचकीत टाइल लावून तिचा पत्ताही विसरतो.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर तयार आहे. आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीचा वजूखाना पाहावा. तिथे टाकी आहे, नळांची रांग आहे आणि भिंतीत पाइपही आहे. इशाच्या नमाजनंतर सगळे नळ बंद करून टाकीत खडूची रेघ मारावी आणि फज्रला कोणी वजूला बसण्याआधी पातळी पाहावी. काम एका रात्रीचे आहे, खर्च खडूचा आहे. पातळी उतरलेली दिसली तर मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला बोलवावे, तपासणी करून घ्यावी आणि तपासणीची मजुरी कमिटीने त्याच्या हातात वेगळी द्यावी. कारागिराच्या शोधण्याला किंमत आहे हे आपल्याच वस्तीत एकदा दिसले की बाहेरच्या गिऱ्हाइकाला ते सांगणे त्यालाही सोपे जाईल.